बाईंनी खेळ म्हटलं तर

१३ नोव्हेंबर २००७, मंगळवार

दिवाळीची सुट्टी अजून बारा दिवस. शाळा नसली की अंग आंबतं. सकाळी किनाऱ्यावर तीन फेऱ्या, मग बाजार, मग एस.टी. स्टँडजवळ संतोषच्या सायबर कॅफेत. तालुक्यातल्या कबड्डी पंचांची यादी टाइप करायला टाकली होती, ती आणायची होती. टाइप करायला तिथे दर्शू असते. पाचवीपासून बारावीपर्यंत माझ्या हाताखाली खेळली. जिल्ह्यात तिच्यासारखी चढाई करणारी दुसरी नव्हती. आता लोकांचे रेशनकार्डाचे अर्ज बडवते.

यादी झाली नव्हती. बाईसाहेब कॉम्प्युटरवर बंदूक घेऊन पळत होत्या. मी मागे येऊन उभी राहिलेय याचा पत्ता नाही. "यादी?" म्हटलं तशी खुर्चीतून उडालीच.

"बाई, धा मिन्टां दिवा. आता करतंय."

"एकवीस वर्षांची घोडी झालीस आणि पोरासोरांचे खेळ खेळतेस?"

यादीची फाइल उघडली. पण चेहरा मी ओळखते. चढाईत चुकीचं बाद दिलं की तो चेहरा व्हायचा. यादीत दोन नावं चुकली आहेत, उद्या परत जावं लागणार.

१४ नोव्हें.

जावं लागलं नाही, संतोषच सुधारलेली यादी घेऊन घरी आला. तेव्हाच म्हटलं, याचं काहीतरी काम आहे.

जानेवारीत पुण्याला एका कॉलेजात कॉम्प्युटर गेमची स्पर्धा आहे म्हणे. प्रत्येक जिल्ह्यातून एक जण. निवडीचा सामना संतोषच्या कॅफेत घ्यायचा, पण निकालाच्या कागदावर त्रयस्थ पंचाची सही पाहिजे.

"मालवणात पंच म्हटलो की तुमीच, बाई."

"मी कबड्डीची पंच आहे. बसल्या जागी बोटं आपटायची, त्याला पंच कशाला?"

"बुद्धिबळाच्या प्रमाणपत्रार तुमची सही आसता. थय तर बोटां पन आपटनत नाय."

चहा दिला आणि हाकलला. बुद्धिबळाचा मुद्दा खरा होता म्हणून जास्त राग आला.

१६ नोव्हें., शुक्र.

संध्याकाळी बाबल. दर्शूचा बापूस. रापणीवरून, म्हणजे जाळं ओढून, सरळ इकडे. पायाला वाळू, पिशवीत बांगडे. खुर्ची दिली तर नको म्हणाला, पायरीवर टेकला.

दर्शूला रेडीचं स्थळ सांगून आलंय. मुलगा तिथल्या बंदरात कामाला, घर बरं, माणसं बरी. पौष लागायच्या आत बघायला येतो म्हणतात. आणि ही म्हणते, पुण्याच्या स्पर्धेत खेळायचंय, वर्षभर थांबा.

बाबलचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते. "बाई, माका एकच सांगा. ता चेडू कॉम्पुटरार करता तो खेळ, काय टायमपास? खेळ आसात तर वर्षभर थांबाक माझी ना नाय. कबड्डीक कधी नाय म्हटलंय? रत्नागिरी, कोल्हापूर, तुमी म्हटलास तेव्हा धाडलंय. पन टायमपास आसात तर लगीन झालेला बरां."

"तुला काय वाटतं?"

"माका काय कळता? तुमी खेळ म्हटलास तर खेळ."

बघून सांगते म्हटलं. बांगडे ठेवून गेला.

माझ्या एका शब्दावर मुलीचं वर्ष. दर्शूचा गुडघा माझ्याच शिबिरात गेला होता. सुजलाय म्हणत होती, मी म्हटलं एक चढाई कर, मग बस. त्या चढाईनंतर ती उठलीच नाही. दोन वर्षं झाली. बाबलने मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१८ नोव्हें., रवि.

वही, स्टॉपवॉच, शिट्टी घेऊन कॅफेत. संतोष बघतच राहिला. "बाई, मैदान खंय आखूया?" म्हणाला. फाजील.

दोन तास दर्शूच्या मागे खुर्ची टाकून बसले. पहिला अर्धा तास काही कळलं नाही, नुसती पळापळ आणि ठोठो. मग विचारत गेले तसं उलगडलं. दोन घरं, दोन झेंडे. समोरच्याच्या घरात शिरायचं, त्याचा झेंडा उचलायचा आणि जिवंत आपल्या घरी परत यायचं. आलात तर गुण तुमचा. झेंडा हातात असताना मारले गेलात तर गुण मारणाऱ्याचा.

म्हणजे चढाई आणि पकड. फक्त दम धरून 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं नाही.

दर्शू खेळते तीही तशीच. सरळ आत घुसत नाही. डावीकडे हूल, दोन पावलं मागे, समोरचा पुढे सरकला की उजवीकडून आत. अगदी तीच हूल मी तिला आठवीत शिकवली होती. बघताना माझाच पाय हलत होता.

तिची नाडी मोजली, आधी आणि नंतर. वाढते. चांगली वाढते. पण नाडी दशावतार बघतानाही वाढते, म्हणून काय बघणारा खेळाडू होतो?

निष्कर्ष नाही.

२१ नोव्हें.

स्वतः खेळून पाहिलं. दर्शू समोर. माझा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा, वळवायचा कसा तेच येईना. पाठीत गोळ्या. परत उभा, परत भिंत.

"बाई, तुमी भितीक कित्याक मारतास?"

संतोष हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. मलाही शेवटी हसू आवरलं नाही. एवढं मात्र कळलं, की हे कोणालाही बसल्या बसल्या येणारं काम नव्हे.

२६ नोव्हें., सोम.

शाळा सुरू. मैदानावर गवत गुडघाभर, मु.अ. म्हणतात शिपाई रजेवर. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये विषय काढला. मु.अ. म्हणाले, घाम येत नाही तो खेळ नाही. गणिताचे सर म्हणाले, मग आमच्या सौभाग्यवती रोज स्वयंपाकघरात जिल्हा पातळीवर खेळतात. मग कोणाचंच कोणी ऐकेना.

मी विचार करत होते नारळी पौर्णिमेचा. धक्क्यावर नारळ लढवतात. एकाने नारळ धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर हाणायचा, ज्याचा फुटला तो हरला. दरवर्षी मी तिथे उभी असते, दर्शूचा बापूस दोनदा जिंकलाय. त्याला खेळ म्हणताना मला कधी अडखळायला झालं नाही. का नाही झालं? कारण लहानपणापासून बघत आले. हे काही कारण नव्हे.

२ डिसेंबर, रवि.

दर्शू घरी आली होती, मीच बोलावली. घावणे केले. दोन खाल्ले, तिसऱ्याला नको म्हणाली, मग तोही खाल्ला.

सरळ विचारलं, "लग्न नको म्हणून हे चाललंय का?"

"नाय ओ. रेडीचो झील वायट नाय. बापूस सांगता तां खरां आसा."

"मग?"

बशीतल्या चटणीत बोट फिरवत होती. मग बोलली. "बाई, चढाईक गेल्यार कसां वाटायचां, म्हायत आसा? सात जणी आपल्याकडेच बघतत, आनि आपल्याक फकस्त परत येवचां इतक्याच ठावक. बाकी काय्येक आठवणा नाय. गुडगो गेलो तेव्हा माका वाटलां, तां गेला ता गेला. आता थय कॉम्पुटरार परत गावला. थय गुडगो लागना नाय."

मी आत पाणी आणायला गेले ती पाच मिनिटं आलेच नाही. बाहेर आले तर तिने बश्या विसळून ठेवलेल्या.

यापुढे तिच्यासमोर पोरासोरांचा खेळ म्हणणार नाही. पण बाबलला काय सांगायचं ते अजून ठरत नाही. एखादी गोष्ट मुलीला हवीशी वाटते म्हणून तो खेळ होत नाही, आणि मला तिची दया येते म्हणून तर मुळीच नाही.

९ डिसें.

संतोषला हो सांगितलं. सामना रविवारी १६ ला, सकाळी दहाला. बारानंतर लाइट नसते, त्याआधी संपवायचं. अट घातली: नियम मला लेखी पाहिजेत आणि माझा निर्णय शेवटचा. संतोषने दोन पानं आणून दिली. पाठ केली. बाबललाही निरोप धाडला, तू येऊन बघ, मग बोलू.

१६ डिसें., रवि.

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच वेगळं आठवेन.

आठ जण आले. शेवटी उरले दोघे, दर्शू आणि कुडाळचा अनिकेत. इंजिनीअरिंगला आहे, सभ्य. सामन्याआधी नखं तपासली. कबड्डीची सवय. सगळे हसले, तो मात्र मुकाट्याने दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

कॅफेत चांगला हेडफोन एकच. दर्शूने तो त्याला दिला. "पाव्हनो आसा, असांदे." स्वतः एका कानाचा मोडका घेतला. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

बाबल मागे दाराशी, चपला बाहेर काढून, देवळात उभा राहावा तसा.

पाच गुणांचा सामना. चार-चार. दर्शूने त्याचा झेंडा उचलला होता, परतीच्या वाटेवर एका विहिरीमागे दबा धरून बसलेली. अनिकेत तिला शोधतोय. तेवढ्यात तिच्या खुर्चीमागे उभा असलेला कुडाळचाच एक पोरगा ओरडला, "विहिरीमागे!"

बाहेरून सांगणं. कुठल्या खेळात चालतं? मी शिट्टी मारली. विचार करून मारली नाही, सत्तावीस वर्षांचा हात आहे, तो गेला तोंडाकडे.

दर्शूचे दोन्ही हात वर. बटणांवरून उचलून थेट डोक्याच्या वर, तळवे उघडे. शिट्टी झाली की असाल तिथे हात वर, हे मीच घोटून घेतलेलं, पाचवीत असल्यापासून. अनिकेतने काहीच ऐकलं नाही. ना शिट्टी, ना तो ओरडा. कानात गोळीबार चालू. तो आपल्या हिशेबाने शोधत शोधत विहिरीमागे आला. ती तिथे नुसती उभी. मारली.

स्क्रीनवर पाच-चार आलं. अनिकेतने हेडफोन काढला, हसत वळला आणि सगळ्यांची तोंडं बघून तसाच थांबला.

त्याने ओरडा ऐकलाच नव्हता. म्हणजे माझ्या शिट्टीची गरजच नव्हती.

दर्शू उठली, त्याच्याशी हात मिळवला, मोडका हेडफोन खुंटीला लावला आणि बाहेर गेली. बाबल तिच्या मागून. माझ्याकडे दोघांनी पाहिलं नाही. मी संतोषला म्हटलं, निर्णय गुरुवारपर्यंत लेखी देते. घरी आले. जेवण केलं नाही.

१७ डिसें.

शाळा सुटताना फाटकाशी अनिकेत. कुडाळहून एस.टी.ने आलेला.

"बाई, शपथ सांगतो, मला शिट्टी ऐकू आली नाही."

"माहीत आहे."

"पण खरं बोलू का? या खेळात शिट्टी नसतेच. ती थांबली ही तिची चूक. तुम्ही परत खेळा म्हणालात तर खेळेन. पण मला ते बरोबर वाटत नाही."

रागवायचं ठरवलं होतं, जमेना. पोरगा खरं बोलत होता. तोंडावर खरं बोलायला मालवणपर्यंत आला होता. कँटीनमध्ये नेऊन वडा-उसळ खाऊ घातली.

१८ डिसें.

संतोषला उपाय सापडलाय. "बाई, लिवा की लाइट गेली. सामनो अर्धो रवलो, परत घेतलो. मालवणात लाइट गेली म्हणान सांगितल्यार खोटां कोण म्हणतलो?"

हाकलला नाही या वेळी. तो गेल्यावर कागद घेतला आणि 'सामना सुरू असताना वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे' इथपर्यंत लिहिलंसुद्धा. अक्षर बघितलं. माझंच. फाडून चुलीत टाकलं.

१९ डिसें., बुध.

अडकले आहे ती जागा अशी.

हा खेळ आहे असं मानलं, तर मी पंच होते आणि पंचाची चूकही सामन्याचाच भाग. सत्तावीस वर्षं हरलेल्या पोरींना रडताना हेच सांगत आले, की चुकीचा निर्णय मिळाला तरी तो निर्णयच, मान खाली घालून जागेवर जा. मग पाच-चार कायम, दर्शू पुण्याला जात नाही. आणि सामना परत घ्यायचा, तर म्हणायचं की काही बिघडलं नाही, गंमत होती, पुन्हा खेळू. मग ती पुण्याला जाईलही. पण मग तो टाइमपासच झाला, आणि बाबलला मी काय तोंडाने सांगू?

संध्याकाळी कॅफेत गेले. दर्शू टाइप करत होती. मान वर केली नाही.

"दर्शू, माझी चूक झाली."

"नाय. चूक माझी." बोटं चालूच. "थय शिट्टी नसता. मी थय कबड्डी खेळलंय."

"तुला मी शिकवलं तसंच केलंस."

"म्हणान तर हरलंय." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल. "बाई, तुमी जावा आता. माका काम आसा."

तिच्याकडून असं कधी ऐकलं नव्हतं. बरोबर बोलली. स्टँडवर उगाच अर्धा तास बसून राहिले, ओळखीचे लोक खंय जातास, खंय जातास विचारत होते.

२० डिसें.

निकाल लिहून संतोषकडे दिला. विजेता अनिकेत. खाली टीप: शेवटच्या गुणाच्या वेळी पंचाने नियमात नसलेली शिट्टी वाजवली, पराभूत खेळाडू शिट्टीचा मान राखून थांबली, चूक पंचाची आहे. पूर्ण नाव, सही, तारीख.

संतोष दोनदा वाचून म्हणाला, "खालचां कित्याक लिवलास? उद्या कबड्डीवाले वाचतले तर?"

वाचू देत.

२३ डिसें., रवि.

ज्याची भीती होती ते. बाबल आला. या वेळी पिशवी नव्हती.

"निकाल कळलो. तेच्याबद्दल माझां काय म्हणणां नाय, बाई. हरला ता हरला. पन तुमी सांगतंय म्हटलां हुतास. खेळ काय टायमपास? खेळ आसात तर फुडल्या वर्सा परत जायत."

तोंडापर्यंत आलं होतं. खेळ. एक शब्द. म्हटला असता तर मुलीला वर्ष मिळालं असतं.

म्हटलं नाही. म्हटलं, "बाबल, आता मला विचारू नकोस. मी आज खेळ म्हटलं, तर ते खरं म्हणून म्हणते की तुझ्या मुलीचं दोनदा नुकसान केलं म्हणून, ते माझं मलाच कळत नाही. अशा वेळी पंचाने मैदानात उभं राहू नये."

'दोनदा' म्हटलं, म्हणजे गुडघाही त्यात आला. गुडघ्याचं पहिल्यांदा त्याच्यासमोर बोलले. त्याने ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "मगे कोन सांगतलो?"

तो उठला. जाताना पायरीवरून, "रेडीवाल्यांका सा तारखेक येवा म्हणान सांगतंय," आणि गेला.

सगळं नियमाप्रमाणे केलं आणि आता रडतेय. म्हाताऱ्या बाईने नाताळच्या सुट्टीत करायला दुसरं काही शोधावं.

३० डिसें.

संतोषकडून कळलं. अनिकेतने कॅफेत फोन केला होता, दर्शूसाठी. पुण्याला जायचं तर सरावाला तोडीचं कोणी पाहिजे, कुडाळात कोणी नाही, रविवारी येशील का म्हणून विचारलं. तिची ती हूल त्याला समजून घ्यायची आहे. त्याच्या ताईचं घर आहे, ताई असते तिथे.

"दर्शू काय म्हणाली?"

"फोन आपटल्यान. मगे चार दिवसांनी आपणच लायल्यान."

येते म्हणाली म्हणे, बापूस सोडील तर. मला कोणी काही विचारलेलं नाही. विचारावं असं मी काही केलेलंही नाही. पण जो आपल्याला हरवून चाललाय त्याला आपली हूल शिकवायला जायचं, मला एकविसाव्या वर्षी जमलं असतं का? नसतं.

३ जानेवारी २००८

बाजारात दर्शूची आई. पाटीत सुरमई, तोंडात पान. "आयतवारी पाव्हने येतत, बाई. तुमीय येवा. चेडवाक बरां वाटात." म्हटलं, बघते. मग पाटीवरचा फडका झटकत हळूच म्हणाली, "सराव-बिराव म्हणान रडता ता घरात. बापूस बोलना नाय. तुमी काय सांगलास काय तेका?"

नाही म्हटलं. तेच तर.

५ जाने., शनि.

सकाळी किनाऱ्यावर. रापण ओढत होते, दोन्ही दोरांवर माणसं. बाबलने मला पाहिलं, दोर शेजाऱ्याच्या हातात दिला आणि वाळूतून चालत आला. मधेच कधी दोर सोडत नाही तो.

"रेडीवाल्यांका काल फोन केलंय. म्हटलंय, आयतवारी जमाचां नाय. चेडवाचो सराव आसा कुडाळाक."

मला आधी समजेचना. पुढच्या रविवारी पौष लागलेला. उद्याची बैठक मोडली म्हणजे महिनाभर पुढे गेलं, आणि असं आयत्या वेळी मोडलं की माणसं बिथरतात. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

"तुला कोणी सांगितलं खेळ आहे म्हणून?"

"सांगाक कोन व्हयो? हरला तेव्हा आठ दीस धड जेवाक नाय. नवव्या दिसा ज्येनी हरवल्यान तेकाच शिकवूक तयार. बाई, टायमपासात असां कोन करता?"

मी समुद्राकडे बघत राहिले, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर त्या सगळ्या रापणकरांसमोर तमाशा झाला असता.

"ते काय म्हणाले?"

"इचारल्यानी, कसलो सराव? आता माका तां कॉम्पुटराचां सांगाक येता काय? तुमचो नंबर दिलंय. सांजेक फोन करतले."

असं म्हणून परत दोरावर गेला. पोरं ओरडत होती, जाळं जड लागत होतं.

घरी येऊन काम सुचलं नाही. भात करपवला. आता संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं, फोनजवळ बसून लिहितेय. दर्शूची गाडी सकाळी साडेआठची, स्टँडवर जाऊ की नको ते ठरत नाही. तिने बोलावलेलं नाही.

फोनवर काय बोलायचं ते मात्र ठरलंय. खेळ आहे म्हणणार. मुलगी खेळाडू आहे म्हणणार. कबड्डीत तिचा गुडघा गेला तो माझ्यामुळे, डिसेंबरातला सामना गेला तोही माझ्यामुळे, आणि उद्या ती सरावाला चाललीय ती मात्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. पुढच्या वर्षी परत खेळेल, लग्न झालं तरी खेळेल, हेही सांगणार. एवढं ऐकून पुढे बोलायचं की फोन ठेवायचा, ते रेडीवाल्यांनी ठरवावं.

वाजतोय.